नागपुरात उतरावे कोठे?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील व्यापारी कुटुंबांना मोठे शहर म्हटले की प्रथम नागपूरच आठवते. चंद्रपूरहून सुमारे दीडशे आणि गडचिरोलीहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवरचे हे शहर आपली बाजारपेठ आहे, आपले उच्च न्यायालय आहे आणि अलीकडे मुख्यतः आपले रुग्णालय झाले आहे. जाणे अटळ असते. विचार करायचा तो मुक्कामाच्या जागेचा.

जुन्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. इतवारी हे एकच उत्तर होते. नागभीडकडून येणारी छोटी गाडी थेट इतवारी स्थानकात थांबे. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. धान्य, किराणा आणि सराफा इतवारीत, कापडाचा घाऊक बाजार शेजारच्या गांधीबागेत, आणि त्याच गल्ल्यांत आपली जुनी जिनमंदिरे. सकाळी दर्शन, दिवसभर खरेदी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन, हा सारा क्रम पायी फिरून साधत असे. माल भरण्यासाठी जाणाऱ्यास आजही इतवारीसारखी दुसरी सोय नाही. अरुंद गल्ल्या आणि हातगाड्यांची गर्दी मात्र गृहीत धरावी. मोटार घेऊन जाणाऱ्याने आधी ती उभी करण्याची जागा विचारून घ्यावी.

परंतु आज आपल्यापैकी अनेकांचा प्रवास मालासाठी नसून रुग्णासाठी असतो. खासगी रुग्णालये आणि दवाखाने धंतोली व रामदासपेठेत एकवटले आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मेडिकल चौकात, तर ‘एम्स’ शहराच्या दक्षिणेस मिहान परिसरात आहे. चंद्रपूरहून वरोरा, जाम, बुटीबोरी या मार्गाने येणाऱ्यास मिहान शहरापूर्वीच लागते. ‘एम्स’मध्ये काम असताना सवयीने इतवारीत उतरणे म्हणजे रोज सारे शहर दोनदा ओलांडणे होय.

बँकेतील नोकरीने एक सवय लावली: खर्च मांडताना एकच रकाना पाहू नये. मुक्कामाचा खर्च म्हणजे केवळ खोलीचे भाडे नव्हे. रिक्षाचे भाडे, बाहेरचे जेवण आणि वाया गेलेला वेळ त्यात मिळवल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही. स्वस्त पण दूरची खोली पुष्कळदा महागच पडते.

आपल्या घरांत आणखी एक रकाना असतो, तो चौविहाराचा. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पुष्कळ खासगी डॉक्टर तर सायंकाळीच रुग्ण तपासतात. रुग्णाजवळ बसलेल्या आईला पायी जाऊन, जेवून परत येता येईल इतकी जागा जवळ असेल, तरच तिचा नियम पाळला जातो. एरवी ती उपाशी राहते आणि कोणास सांगतही नाही. म्हणून खोली ठरवताना उकळलेले पाणी मिळेल का, साधा स्वयंपाक करता येईल का, हे प्रथम विचारावे.

मेट्रोमुळे आता मधला मार्गही निघाला आहे. डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून प्रजापतीनगरपर्यंत गाडी धावते आणि सीताबर्डीला मार्गिका बदलून वर्धा मार्गाने खापरीपर्यंत जाता येते. त्यामुळे वर्धमाननगरात आप्तांकडे उतरलेल्यासही धंतोलीचा परिसर पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. न्यायालयाचे काम असल्यास सिव्हिल लाइन्सलगतची सीताबर्डी सोयीची. तथापि रात्री-अपरात्री रुग्णालयातून बोलावणे येण्याचा संभव असेल, तर आप्तांचा आग्रह नम्रपणे नाकारून रुग्णालयाजवळच राहावे. त्यात आप्तांचा अनादर नाही.

पूर्वजांनी धर्मशाळा बांधल्या त्या तीर्थाजवळ, बाजाराजवळ आणि स्थानकाजवळ, कारण त्या काळचा प्रवासी तेथे उतरत असे. आजचा प्रवासी रुग्णालयाच्या दारात उभा आहे. दान करू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी धंतोली-रामदासपेठेच्या आसपास चार खोल्या आणि एक स्वच्छ स्वयंपाकघर यांचा विचार केला, तर अहेरी-देसाईगंजसारख्या दूरच्या गावांतून आलेल्या कुटुंबाचा निम्मा भार हलका होईल.