निवृत्तीनंतर शेतावर : चिखलोलीची एक फेरी

अंबरनाथ सोडून गाडी बदलापूरकडे निघाली की मधल्या पट्ट्यात चिखलोली लागते. एकीकडे कारखाने, दुसरीकडे नव्या इमारती आणि जवळच चिखलोलीचे धरण. येथे नवे रेल्वे स्थानक मंजूर झाले आणि जमिनीचा भाव चहाच्या टपरीवरचा विषय झाला. तरीही उरल्यासुरल्या खाचरांत पावसाळ्यात भाताची लावणी होते.

या बाजूला हिंडताना आमच्यात एकच विषय निघाला. रेल्वे, ऑर्डनन्स, महापालिका यांत हयात घालवलेले आपले कित्येक बांधव निवृत्तीनंतर एखादा एकर घेऊन शेतावर राहू पाहतात. ज्या खेड्यातून वाडवडील बाहेर पडले, तेथे आता कशासाठी जायचे? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिले होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

पण बाबासाहेबांचा राग गावगाड्यावर होता, मातीवर नव्हे. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; त्यात अवजारे, भांडवल आणि श्रम किती घालता यावर ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयकही त्यांनीच मांडले. तेव्हा पेन्शनीतली चार पैशांची गुंतवणूक आणि घरच्यांची मेहनत असेल तरच एकर पिकतो, हे आधी जाणावे.

दुसरी गोष्ट कागदाची. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणून गावाकडच्या सातबारावरचे आपले नाव जपा. १९५८ च्या कायद्याने वतन गेले, पण परत मिळालेल्या वतनी जमिनीवर बहुधा ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असतो. तिच्या विक्रीलाही परवानगी लागते. आदिवासी बांधवाची जमीन तर स्वस्तात मिळते म्हणून घेऊच नये. आपल्या पूर्वजांवर झाला तो अन्याय आपल्या हातून नको.

आता परंपरेविषयी. राब भाजून रोपे करणे, भातामागे ओलीवर वाल पेरणे, घरचे बियाणे राखणे, हे ज्ञान टिकलेच पाहिजे. शेवळी, टाकळा, भारंगी घेऊन येणाऱ्या ठाकर-कातकरी भगिनींशी घासाघीस न करता पुरते पैसे द्यावेत. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. कायद्याची हरकत नसली तरी पंचशीलातले पहिले शील मानणाऱ्या घराने बैलाला पराणी टोचणाऱ्या खेळाला वर्गणी का द्यावी? आणि ‘रूढीने तुमचे काम’ म्हणून कोणी पुन्हा गावकी पुढे केली, तर स्पष्ट नकार द्यावा.

तथागतांनी कसिभारद्वाजाला नांगर-बियाण्याच्या भाषेतच धम्म समजावला. भाताचा हंगाम आणि वर्षावास एकाच पावसात येतात. दिवसा लावणी, संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन. शेजारपाजारची मुलेही बोलवावीत. गावात जायचे तर मालक म्हणून नको, गुलाम म्हणून तर नकोच; माणूस म्हणून जावे, असे आम्हाला वाटते.

जय भीम!