बड क्लेची व्हॅन

१२ जून
रात्री ‘द ब्राउन बनी’ पाहिला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, मुख्य भूमिका, सगळं व्हिन्सेंट गॅलोचं. सोळा मिलिमीटरवर, मोजक्या माणसांत उरकलेलं काम. मोटारसायकल शर्यतीत उतरणारा बड क्ले काळी व्हॅन घेऊन न्यू हॅम्पशायरहून कॅलिफोर्नियाला निघतो. बराच वेळ आपल्यासमोर फक्त गाडीची काच, तिच्यावरची धूळ, चिकटलेले किडे आणि पलीकडे न संपणारा रस्ता. पेट्रोल पंपाच्या दुकानातल्या व्हायोलेटला तो ‘चल ना माझ्याबरोबर’ म्हणून अक्षरशः गयावया करतो. ती कपडे आणायला घरात जाते आणि हा गाडी काढून चालता होतो. माझी झोप उडाली ती इथे.

१३ जून
दिवसभर परीक्षणं वाचली. २००३ साली कान महोत्सवात चित्रपटाची हुर्यो उडाली. समीक्षक रॉजर ईबर्टने तर तो महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवून टाकला. गॅलोने उलट त्याच्या लठ्ठपणावरून शिवीगाळ केली. ते अत्यंत हीन होतं. त्याच वर्षी व्हिएन्नात मात्र समीक्षकांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने चित्रपटाला पुरस्कार दिला.

बोभाटा झाला तो शेवटच्या, खरोखरीच्या मुखमैथुनाच्या दृश्याचा. पण त्या दृश्यातली बडची प्रेयसी डेझी जिवंतच नाही, हे आपल्याला त्यानंतर कळतं. पार्टीत तिच्यावर अत्याचार होताना बडने पाहिलं होतं, आणि तो तिथून निघून गेला होता. हॉटेलच्या त्या खोलीत तो एकटाच आहे. हे बाजूला ठेवून नुसतं ‘अश्लील’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

१५ जून
ईबर्टचं दुसरं परीक्षण, २००४ चं. मधल्या काळात गॅलोने सुमारे २६ मिनिटं कापली होती. ईबर्टने नवी प्रत पाहिली, तीन तारे दिले आणि कात्रीने चित्रपट कसा सावरला तेही मोकळेपणाने लिहिलं. एवढ्या जाहीर भांडणानंतर पुन्हा पाहायला बसणं, याला मी समीक्षकाची नियत म्हणते.

तरी एक गोष्ट खुपते. दृश्य गॅलोने रचलं, कॅमेरा त्याचा, संकलनाचं टेबलही त्याचंच. उत्तरं मात्र डेझी झालेल्या क्लोए सेव्हिनीला वर्षानुवर्षं द्यावी लागली. तिच्या अभिनयावर किती कमी लिहिलं गेलंय! बड रडत जाब विचारतो आणि ती घडलेलं सांगत राहते, ते संवाद पेलणं सोपं नव्हतं. आमच्या चित्रपट मंडळात हा दाखवायचा तर आधी स्पष्ट कल्पना देऊन, न कापता. आणि चर्चेची सुरुवात सेव्हिनीपासून करायची, असं मी बैठकीत सुचवणार आहे.