सुलतानपूरचे सोयाबीन आणि न्हावाशेव्याचे बंदर

मेहकरजवळ समृद्धी महामार्गाला लागलात की थेट आमण्यापर्यंत जाता येते. तिथून पुढे पनवेलमार्गे उरण. हा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मुंबईत कोणी नातेवाईक असतील तर नेरुळहून उरणची लोकलही आहे. वाटेत न्हावाशेवा नावाचे स्टेशन लागते. तेथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले.

बंदर म्हटले की हमालांची गर्दी आणि पोत्यांच्या थप्प्या डोळ्यांपुढे येतात. इथे तसे काही दिसायचे नाही. खोलीएवढे लोखंडी पेटारे, म्हणजे कंटेनर, एकावर एक रचलेले, आणि ते उचलणाऱ्या उंच क्रेन. माणूस त्या मानाने फारच थोडा! २०२४-२५ मध्ये या बंदरातून वीस फुटी मापाने ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हलले. नाशिकची द्राक्षे आणि कांदा इथूनच बाहेरदेशी जातो.

पूर्वी या भागात भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. शेवा कोळीवाड्याची कुटुंबे उठवून हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली, तर तिथली घरे वाळवीने पोखरली. शेजारच्या नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले. धरणात किंवा रस्त्यात ज्यांची जमीन गेली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? एक क्विंटल सोयाबीन गाळले तर साधारण अठरा किलो तेल निघते, बाकी बहुतेक पेंड. ही पेंड परदेशी जाते ती बंदरातून, आणि तुमच्या तेलाशी स्पर्धा करणारे पामतेल येते तेही बंदरातूनच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर दुमाई नावाचे बंदर आहे. पामतेलाची जहाजे भरणे हाच त्या गावाचा मोठा धंदा. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद ठेवली, तर आपल्याकडे किराणा दुकानात लगेच कुजबुज सुरू झाली.

आपल्या सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस १० वर आणले. शहरातल्या गृहिणीला तेल स्वस्त हवे, हे खरे; पण त्याची किंमत कोण मोजतो? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि हर्राशीत अनेकांना त्याच्या खाली माल द्यावा लागला.

म्हणून सोंगणीच्या दिवसांत पावसाच्या बातमीबरोबर आयात शुल्काची बातमीही ऐकत चला. इंडोनेशियाचीही ऐका. २०२५ मध्ये तिथे डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचे इंधन मिसळायला सुरुवात झाली. जितके तेल त्यांच्या मोटारींत जळेल, तितके न्हावाशेव्याला कमी उतरेल.