राखाडी फर्ग्युसन

पाऊस लागून राहिलाय. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आजोबांच्या फर्ग्युसनचा कार्बोरेटर सुटा केला. हा राखाडी ट्रॅक्टर टीई-२० मालिकेतला. ती १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनली. आधी कार्बोरेटरची ओळख पटवायची होती. काजळी रॉकेलने धुतल्यावर ओतीव अंगावर ‘झेनिथ’ ही अक्षरं उमटली. जेटवरचे आकडे भिंगातून वाचले.

जेटचं भोक एवढंसं. तार घातली तर ते रुंदावतं आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. म्हणून हवेच्या झोतानेच साफ केलं. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यापासून आमची भिलाई पोलाद ओततेय, लांबलचक रूळ लाटतेय. त्याच गावात मी या इवल्या पितळेपुढे तासन्‌तास बसतो, याचं जरा हसू येतं.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका. आवाज नव्हता. आजोबाही असेच ऐकत असतील का? ट्रॅक्टर त्यांनी का थांबवला, हे कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

सुई आणि पॅकिंग नवीन लागेल. जुना कार्बोरेटर हाती आला, तर पाना उचलण्याआधी त्याच्या अंगावरचे आकडे वाचा.