मागे राहिलेले गाव

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, असे आम्ही मुले पाहुण्यांना ऐटीत सांगत असू. मिऱ्याच्या बाजूचा पांढरा आणि मांडवीचा काळा. फरक वाळूचा, पाणी एकच. पण पाहुण्यांनी तसे म्हटलेले आम्हांला खपत नसे.

गाव जुने, तरी मोठेपण नेमणुकीने आलेले. १८२२ साली इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून येथे हलवले आणि बंदराला कचेऱ्या, वकील, कारकून येऊन चिकटले. तेव्हा अंगात शिरलेला कज्जा अजून गेलेला नाही. फणसाची फांदी कुंपणापलीकडे गेली की आमच्याकडे माणसे कागद शोधू लागतात!

आणि ज्याला पंख फुटले तो येथून जायचाच. टिळक १८५६ साली येथे जन्मले, पण दहाव्या वर्षी पुण्यास गेले. राहिला तो ब्रह्मदेशचा थिबा राजा, ज्याला राहायचे नव्हते. १८८६ साली त्याला येथे आणले. १९१६ साली तो येथेच मेला. भाट्याच्या खाडीवरील टेकडीवर त्याचा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. तेथून समुद्र सुरेख दिसतो. मात्र तो पश्चिमेचा. त्याचा देश पाठीमागे राहिला.

माझा दादा सोळाव्या वर्षी मुंबईस निघाला तो रविवार होता. आगबोट दूर खोल पाण्यात उभी. तिच्यापर्यंत पडावातून जायचे. आईने पोह्यांची पुरचुंडी त्याच्या हाती कोंबली. "पोचल्याचं कार्ड टाक हो," एवढेच ती म्हणाली. बाबा आले नव्हते. कचेरीत काम आहे, म्हणाले होते.

बोट हलल्यावर मी किल्ल्याकडे धावलो, वरून ती जास्त वेळ दिसते म्हणून. बुरुजाशी बाबा उभे होते. टोपी हातात. धूर दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघे बोललो नाही. उतरताना ते म्हणाले, "घरी सांगू नकोस."

मी सांगितले नाही. बाबा गेले, आई गेली. आगबोटी बंद झाल्या, १९९८ पासून रेल्वे सुरळीत धावू लागली. गेल्या मे महिन्यात दादा तिनेच आला. आता काठी घेऊन चालतो. मांडवीवर बसलो असता एकाएकी म्हणाला, "बाबा त्या दिवशी बंदरावर आले नाहीत. इतका राग होता का रे माझ्यावर?"

मी त्याची काठी घेतली आणि किल्ल्याचा बुरुज त्याला दाखवला.