तांब्यावर कोरलेले वर

मार्गशीर्षातील लग्नसराईत भाचीच्या रुखवताची भांडी घेण्यास अमरावतीस गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर कारागीर विजेच्या सुईने घागरीवर नाव कोरीत होता. लहानपणी हेच काम छिन्नी-हातोडीने चाले आणि बाजारभर टिकटिक ऐकू येई.

तांब्यावरची ती रेघ पाहून युरोपातील अठराव्या शतकातील ताम्रमुद्रिते आठवली. पत्र्यावर चित्र कोरावयाचे, रेघांत शाई भरावयाची आणि ओलसर कागद दाबून ठसा उमटवावयाचा, अशी ती रीत. वातो या फ्रेंच चित्रकाराच्या निधनानंतर, १७२६ ते १७३५ या काळात, त्याच्या चित्रांचे असे ठसे पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत इटालियन प्रहसनांतील सोंगेही आहेत. त्या प्रहसनांचा पान्तालोने तर आपल्याच पेशातला : व्हेनिसचा म्हातारा व्यापारी, लांब नाकाचा, कमरेला थैली, आणि या वयात तरुणीच्या मागे लागलेला. ठशांतही तो वाकून आर्जव करताना दिसतो आणि पाहणारे हसतात.

आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे भुजंगनाथ. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. वऱ्हाडात तेव्हा कापसाचा पैसा खेळत होता, रेल्वे होती, दादासाहेब खापर्ड्यांसारखे नाट्यप्रेमी अमरावतीत होते. नाटक मंडळ्या इकडे आनंदाने येत.

बडनेऱ्याहून गाडी निघाली. मूर्तिजापूरपर्यंत दोहो बाजूंस पांढरी फुटलेली पऱ्हाटी. अकोल्याच्या आमच्या जुन्या घरी पोहोचेपर्यंत मनात आजीची थोरली बहीण होती. तेराव्या वर्षी तिला पन्नाशीच्या बिजवराला दिले. अडत मोठी, घराणे नामांकित. आणखी काय पाहावयाचे, असे त्या वेळी सर्वांनी म्हटले. आजी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगे : त्या वराने लग्नाआधीच अमरावतीस ‘शारदा’ पाहिले होते, आणि भुजंगनाथाच्या केस काळे करण्यावर तो पोट धरधरून हसला होता.

ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. तिच्यासोबत आलेली घागर माळ्यावर अजून आहे. या खेपेस ती खाली काढली, चिंचेने घासली. गळ्याशी कोरलेले नाव स्वच्छ वाचता आले. त्यात दुकानाचे नाव आहे, गावाचे आहे, तिच्या यजमानांचे आहे.

तिचे नाही.