नकाराच्या नोंदी : विंडोजच्या सुरक्षा लॉगचे वाचन

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम वापरकर्त्याची प्रत्येक विनंती, मग ती लॉगइनची असो, फाइल उघडण्याची असो वा विशेष अधिकार वापरण्याची, आधी तपासते आणि मगच मान्य किंवा अमान्य करते. या निर्णयांपैकी निवडक निर्णयांची, कोणी, केव्हा, कोठून आणि काय मागितले या तपशिलासह ठेवलेली नोंद म्हणजे सुरक्षा ऑडिट होय. विंडोजमध्ये ही नोंद ‘सिक्युरिटी लॉग’ या स्वतंत्र नोंदवहीत जाते, सामान्य वापरकर्त्याला ती वाचता येत नाही आणि प्रत्येक नोंदीवर ‘ऑडिट सक्सेस’ किंवा ‘ऑडिट फेल्युअर’ असा शेरा असतो. ‘फेल्युअर’चा शेरा पाहून यंत्रणा बिघडल्याचा समज होतो, परंतु बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की कोणीतरी काही मागितले आणि प्रणालीने ते नाकारले. याहून अगदी वेगळी स्थिती म्हणजे नोंद करण्याचे कामच बंद पडणे. या दोहोंचे निदान आणि उपाय निरनिराळे असल्यामुळे तपासाची सुरुवात त्यांच्यातील फरक ओळखण्यापासूनच करावी लागते.

या व्यवस्थेमागील विचार जुना आहे. जेम्स पी. अँडरसन यांनी १९८०च्या अहवालात ऑडिटच्या नोंदींवरून संगणकाचा गैरवापर हुडकण्याची दिशा दाखवली, तर १९८३मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या आणि मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या निकषांनी ‘सी २’ श्रेणीसाठी प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख व त्याच्या कृतींची नोंद अनिवार्य ठरवली. विंडोज एनटीची रचना हे निकष समोर ठेवून झाली आणि तिच्या ३.५ या आवृत्तीला १९९५मध्ये, जाळ्याशी न जोडलेल्या संगणकापुरते, ते प्रमाणपत्र मिळाले.

सर्वाधिक आढळणारी अपयशाची नोंद म्हणजे फसलेल्या लॉगइनची, घटना क्रमांक ४६२५. विंडोज व्हिस्टाच्या आधी याच प्रसंगासाठी कारणानुसार ५२९पासून पुढचे वेगवेगळे क्रमांक होते. व्हिस्टात ते एकत्र करण्यात आले आणि कारण नोंदीच्या आतल्या ‘सब स्टेटस’ या रकान्यात गेले. तेथील सोळाअंकी पद्धतीच्या संकेतांकाचा शेवट पाहिला की कारण कळते : ‘६४’ म्हणजे त्या नावाचे खातेच नाही, ‘६ए’ म्हणजे नाव बरोबर पण पासवर्ड चुकीचा, ‘७१’ म्हणजे पासवर्डची मुदत संपलेली, ‘७२’ म्हणजे खाते बंद केलेले आणि ‘२३४’ म्हणजे खाते लॉक झालेले. पडद्यावर मात्र पहिल्या दोन्ही प्रसंगी एकच संदेश दिसतो आणि तो हेतुपुरस्सर तसा ठेवलेला असतो, कारण कोणते नाव अस्तित्वात आहे हे परक्याला कळणे म्हणजे अर्धे काम त्याच्या हाती देणे होय. ‘६४’च्या नोंदीत कधीकधी नावाच्या जागी घाईत टाइप झालेला पासवर्डच दिसतो, म्हणून अपयशाच्या नोंदी कोणाला वाचू द्यायच्या हाही सुरक्षेचाच प्रश्न ठरतो.

दुसरा महत्त्वाचा रकाना लॉगइनच्या प्रकाराचा. प्रकार २ म्हणजे संगणकासमोर बसून केलेला प्रयत्न, ३ म्हणजे नेटवर्कवरून, ४ म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारे काम, ५ म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारी सेवा, ७ म्हणजे लॉक केलेला पडदा उघडणे आणि १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. मात्र रिमोट डेस्कटॉपवर पडदा दिसण्याआधीच ओळख तपासण्याची सोय चालू असेल, तर फसलेला प्रयत्न १० ऐवजी ३ या प्रकारात नोंदला जातो. ही गोष्ट लक्षात न घेता केवळ दहाच्या नोंदी चाळल्या, तर बाहेरून होणारा हल्ला सहज नजरेतून सुटतो.

कार्यालयांत पुनःपुन्हा दिसणारा प्रसंग असा की कर्मचारी पासवर्ड बदलतो आणि थोड्याच वेळात त्याचे खाते लॉक होते. जुना पासवर्ड एखाद्या सेवेत, ठरावीक वेळच्या कामात, जोडून ठेवलेल्या नेटवर्क ड्राइव्हमध्ये किंवा मोबाइलवरील ईमेलमध्ये साठवलेला असतो आणि ती साधने तोच पासवर्ड नेमाने पाठवत राहतात. अशा वेळी खाते पुन्हा उघडून देणे हा तात्पुरता उपाय ठरतो. योग्य क्रम असा की खात्यांचा कारभार पाहणाऱ्या डोमेन कंट्रोलरवर खाते लॉक झाल्याची ४७४० क्रमांकाची नोंद शोधावी, तिच्यात दिलेल्या संगणकापर्यंत जावे आणि तेथील ४६२५च्या नोंदीत लॉगइनचा प्रकार व विनंती करणाऱ्या प्रोग्रामचे नाव पाहावे. प्रकार ५ असल्यास सेवा आणि ४ असल्यास ठरावीक वेळची कामे तपासावीत.

याउलट एकाच पत्त्यावरून अनेक नावांसाठी थोडे थोडे प्रयत्न दिसले, तर लॉक होण्याची मर्यादा चुकवत नेहमीचे पासवर्ड आजमावले जात आहेत असा संशय घ्यावा. अशा तपासात अपयशांच्या संख्येपेक्षा त्या मालिकेनंतर त्याच पत्त्यावरून ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगइनची नोंद आली आहे का, हा प्रश्न निर्णायक असतो.

घड्याळ हेही अपयशाचे एक कारण आहे. विंडोजच्या डोमेनमध्ये ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी ‘कर्बेरॉस’ पद्धत दोन संगणकांच्या वेळेत सामान्यतः ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक खपवून घेत नाही, त्यामुळे पासवर्ड अचूक असूनही प्रवेश नाकारला जातो. वेळ जुळलेली नसल्यास निरनिराळ्या यंत्रांवरील नोंदींचा क्रमही लावता येत नाही. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी घड्याळे जुळवण्यास, तसेच लॉग १८० दिवस जपण्यास सांगितले आहे, आणि या दोन अटी परस्परपूरक आहेत.

आता नोंद करण्याचेच काम बंद पडण्याविषयी. ऑडिट लिहिता न आल्यास प्रणाली तत्काळ थांबवावी, असे एक धोरण विंडोजमध्ये निवडता येते, कारण नोंदीविना चालणाऱ्या यंत्रापेक्षा बंद यंत्र बरे अशी काही संस्थांची गरज असते. हे धोरण चालू असताना जुन्या नोंदी पुसू नयेत अशीही सेटिंग असेल आणि लॉग भरला, तर निळ्या पडद्यावर ‘ऑडिट फेल्ड’ असा संदेश देऊन यंत्र थांबते. ते पुन्हा सुरू केल्यावर रजिस्ट्रीतील ‘क्रॅशऑनऑडिटफेल’ या नोंदीचे मूल्य १ वरून २ झालेले असते आणि केवळ प्रशासकालाच प्रवेश मिळतो. त्याने आधी लॉगची प्रत सुरक्षित ठेवावी, मग लॉग रिकामा करावा आणि ते मूल्य पुन्हा १ करून यंत्र सुरू करावे. लॉग रिकामा केल्याची नोंद ११०२ या क्रमांकाने त्याच नोंदवहीत उमटते, त्यामुळे ही कृतीही लपून राहत नाही. पुढे असे घडू नये म्हणून लॉगची कमाल मर्यादा वाढवावी, कारण सामान्य संगणकावर ती मुळात २०,४८० किलोबाइट एवढीच असते, आणि नोंदी वेळोवेळी दुसऱ्या सर्व्हरवर पाठवाव्यात.

नोंदींचा पूर आला की अपयशाचे ऑडिटच बंद करण्याचा मोह होतो, पण त्यामुळे नकार थांबत नाहीत, केवळ ते दिसेनासे होतात. कोणत्या उपप्रकारांचे ऑडिट करायचे हे ‘ऑडिटपोल’ या आज्ञेने नेमके ठरवता येते; तिच्या आधारे निरुपयोगी उपप्रकार वगळावेत, परंतु लॉगइन आणि खाते लॉक होण्याच्या नोंदी चालू ठेवून, त्या ज्या जुन्या पासवर्डमुळे वा चुकलेल्या घड्याळामुळे उमटतात, तो दोष दूर करावा. अशी साफसफाई झालेल्या लॉगमध्ये खऱ्या हल्ल्याचे प्रयत्न वेगळे उठून दिसतात, आणि ऑडिटचा मूळ हेतू तोच आहे.